स्टॉपवर बोलू

कोल्हापुरातला घोडेतलाव रोड पूर्वी कसा होता ते आत्ताच्या पोरांना सांगितलं, तर त्यांना वाटतं म्हातारी माणसं काहीतरी ठोकून देतात. ठोकून कशाला द्यायचं? चौकातल्या गवळ्याची पारडी एकदा रस्ता ओलांडायला निघाली, ती पलीकडे पोचली तेव्हा तिच्या मागून तिचं स्वतःचं रेडकू चालत होतं. एक नवरदेव वरातीसकट ह्या रस्त्यात अडकला, तो मांडवात पोचेपर्यंत त्याचे कल्ले पिकले आणि नवरीच्या आईनं त्याला नवऱ्याचा मामा समजून बाजूला बसवलं. फूटपाथ होता, नव्हता असं नाही. पण त्याच्यावर भडंगाच्या गाड्या, लावलेल्या मोटरसायकली आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा एवढा मोठा बोर्ड. चालणाऱ्यानं चालायचं कुठनं? सायकल घेऊन कुणी त्या रस्त्यावर निघालाच, तर घरची माणसं त्याला डोळे भरून बघून घ्यायची.

आणि बस. बस यायची, पण स्वतःच्या मर्जीनं. तिची वाट बघत लोक उभे राहायचे, मग बसायचे, मग शेंगा सोलायचे. त्या स्टॉपवर लग्नं ठरली आहेत आणि भावाभावांच्या वाटण्यासुद्धा झाल्या आहेत.

रेवतीचं आणि अण्णांचं सगळं बोलणं त्याच स्टॉपवर झालं.

अण्णा म्हणजे रेवतीचे वडील, शामराव चौगुले. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून केली. बायको गेल्यावर रस्त्याच्या त्या टोकाला, जुन्या घरात एकटे राहायचे. लेक, जावई आणि नातू ह्या टोकाला. दर रविवारी अण्णा बसनं लेकीकडे जेवायला यायचे. जेवताना काय बोलायचे? मिरची यंदा तिखट नाही, तालमीतली पोरं माती सोडून मशीनवर व्यायाम करतात, असलं. कामाचं एक अक्षर नाही. आपल्याकडे तसंही खरी गोष्ट निघते ती चपला घातल्यावर. पाहुणा तासभर बसतो आणि दारात उठून उभा राहिला की म्हणतो, "बरं, ते एक राहिलंच." चौगुल्यांच्यात तर हे दारातही निघायचं नाही, थेट स्टॉपवर. घरात काही नाजूक विषय ओठांवर आला की रेवती बापाकडे बघायची आणि अण्णा हळूच म्हणायचे, "स्टॉपवर बोलू."

मग रेवती पोचवायला जायची. दोघं शेजारी उभे, दोघांची तोंडं रस्त्याकडे. एकमेकांकडे बघायचं नाही, बस कुठवर आली ते बघायचं. असं उभं राहिलं की माणसाला काहीही बोलता येतं. कॉलेज संपल्यावर रेवतीनं इथंच सांगितलं होतं, "अण्णा, विश्वजित म्हणून आहे एक. आपल्यातला नाही." अण्णांनी एक बस सोडली, दुसरी सोडली, तिसरी दिसायला लागली तेव्हा विचारलं, "भाकरी खातो का नुसता भातच?"

"खातो."

"मग बघू." झालं, ठरलं लग्न. आईच्या आजाराचा रिपोर्ट काय आलाय, तेही अण्णांनी तिला ह्याच ठिकाणी, समोरच्या पंक्चरवाल्याकडे बघत सांगितलं होतं.

पुढं रेवती महापालिकेत इंजिनीअर म्हणून लागली आणि फिरून फिरून घोडेतलाव रोड सुधारायचं काम तिच्याच हातात आलं.

काम मोठं हुशारीचं होतं. रस्ता रुंद करायला जागाच नव्हती. मग तिनं आणि तिच्या हाताखालच्या इरफान बागवाननं रस्त्याला कान दिले. म्हणजे काय केलं, तर रस्त्याच्या पोटात केसाएवढी काचेची तार पुरली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. आपल्या घरी इंटरनेट येतं तसलीच. त्या तारेत लेसरचा उजेड सोडायचा. काच कितीही स्वच्छ असली तरी तिच्यात बारीक बारीक खोट असते, तिथं तिथं आपटून थोडा उजेड मागं फिरतो. वर कुणाचं पाऊल पडलं की खालची तार कणभर ताणली जाते आणि मागं फिरलेला उजेड बदलतो. तो किती वेळानं परत आला ह्यावरून पाऊल कुठं पडलं ते कळतं. सायकलचं चाक वेगळं, ट्रकचं वेगळं. माणसाची चालही वेगळी. गुडघे दुखणारी बाई, शाळेला उशीर झालेली पोरगी, पिऊन आलेला माणूस, सगळे त्या तारेला ऐकू यायचे. नाव-गाव कळायचं नाही, नुसती पावलं.

मग कॉम्प्युटर त्या पावलांवरून ठरवायचा. म्हातारं माणूस रस्ता ओलांडायला उतरलं की सिग्नल त्याच्यापुरता थांबून राहायचा. सायकलींची वेगळी वाट, तिच्यात स्कूटर शिरली की पुढचा खांब जमिनीतून वर यायचा आणि स्कूटरवाला लाजून परत फिरायचा. आणि बस तर अशी की विचारू नका. लहान लहान बिनड्रायव्हरच्या बसगाड्या गल्लीच्या तोंडाशी खोपे करून त्यांत ठेवल्या होत्या. तुम्ही घरातून निघालात, पावलं स्टॉपच्या दिशेनं वळली की तारेला कळलं. तुम्ही स्टॉपवर आणि बस स्टॉपवर, एकदमच.

रस्ता खरोखर चांगला झाला, हे कबूल केलंच पाहिजे. पोरी सायकलवरून गाणी म्हणत शाळेला जायला लागल्या. आंधळे कुलकर्णी मास्तर काठी वर धरून ऐटीत चालायचे. कडुलिंबाच्या सावलीत फूटपाथ एवढा मोकळा की दोन म्हाताऱ्या पदर पसरून समोरासमोर आल्या तरी अडखळायच्या नाहीत.

पहिल्या आठवड्यात एक घोटाळा मात्र झाला. दूर देशात ज्यांनी ही युक्ती काढली, त्यांच्याकडे माणूस बसला की बसला आणि राहिला की राहिला. आपल्याकडे एक जाणारा असतो आणि चार पोचवणारे. बस यायची, एक आजी चढायची, चारजण खालीच. तारेला वाटायचं, अरे बापरे, चार माणसांना जागाच मिळाली नाही! लगेच दुसरी बस. तीही रिकामी, ह्यांचं बोलणं चालूच. तिसरी, चौथी. एकदा बागल आळीतल्या एका घरची मुलगी सासरी निघाली. तिला पोचवायला सगळी आळी आली. तेव्हा घोडेतलाव रोडवर इतक्या बसगाड्या गोळा झाल्या की शेवटची बस पन्हाळ्यावर उभी होती म्हणतात. प्रत्येक बस दार उघडून गोड आवाजात, "चला, वर या, बसून घ्या," आणि बायका हात हलवत, "नको गं बाई, आम्ही पोचवायला आलोय."

ऑफिसात सगळे पोट धरून हसले. रेवती हसली नाही. दुसऱ्या शहरांची माणसं रस्ता बघायला येणार होती आणि कुणालाही मिनिटभरापेक्षा जास्त थांबावं लागत नाही, असं त्यांना दाखवायचं होतं.

तिनं तारेला शिकवलं की दोन माणसं बरोबर चालताहेत आणि स्टॉप जवळ येईल तशी त्यांची पावलं मंद होताहेत, तर त्यातला एक पोचवणारा आहे. त्याला मोजायचं नाही. आणि ती पावलं रेंगाळायला लागली की बस आधीच आणून दार उघडून उभी करायची.

इरफान म्हणाला, "मॅडम, ह्या जोड्यांना थोडा वेळ सोडूया की. गाडी वळणापाशी थांबवून ठेवू. माणसं बोलत असतात."

"बोलायला घरं आहेत की त्यांना, इरफान. सरासरी बिघडते ह्या लोकांमुळं."

"आमची अम्मी तर मामूला पोचवायला जाते आणि मामू परत तिला घरी पोचवायला येतो."

"म्हणूनच म्हणते," रेवती म्हणाली आणि नियम पक्का केला.

पाहुणे आले, बघून खूश झाले. रेवतीचा सत्कार झाला. अण्णा पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "माझी पोरगी. मी आयुष्यभर गाडी उशिरा नेली, हिनं वेळेवर आणली."

त्या उन्हाळ्यात रेवतीचा मुलगा शिकायला बंगळूरला गेला आणि त्याची खोली रिकामी झाली. अण्णांचं वय आता जाणवायला लागलं होतं. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला, वास शेजारणीला आला. रेवतीनं मनात धरलं, अण्णांना इकडेच आणायचं.

विश्वजित लगेच म्हणाला, "मग विचार की. नाहीतर मी बोलतो."

"तुम्ही नका बोलू. तुम्ही विचारलंत की ते हसून नाही म्हणतील. जावयाच्या घरी राहायचं म्हणजे त्यांना कमीपणा वाटतो. आणि एकदा नाही म्हणाले की परत वळायचे नाहीत. मी स्टॉपवर बोलते."

रविवार आला. अण्णा जेवले, हात धुतले आणि नातवाच्या खोलीच्या दारात जरा उभे राहिले. "पोरगं गेलं आणि घर कसं मोकळं मोकळं झालं," म्हणाले. रेवतीनं त्यांच्याकडे बघितलं. विश्वजित सोफ्यावर पेपर वाचत होता. अण्णा खाकरले. "निघू का?"

"चला, पोचवते."

दोघं निघाले. रेवती मनात शब्द जुळवत होती. अण्णांची पावलं हळू झाली, तिचीही झाली. अण्णा म्हणाले, "रेवा, एक बोलायचं होतं बघ..." तोवर बस उभी. दार उघडं. "काका, वर या, बसून घ्या." आत कॉलेजची पोरं, एक बाळंतीण आणि तिची आई, सगळे दाराकडे बघताहेत.

"थांबू दे की तिला," रेवती म्हणाली.

"अगं, गाडी कशी थांबवायची? लोकांचा खोळंबा होतो," अण्णा म्हणाले आणि चढले. ज्या माणसानं उभा जन्म लोकांना 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणून सांगितलं, तो स्वतःसाठी गाडी अडवेल होय?

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी रेवतीनं त्यांना तळ्याच्या बाजूनं लांबच्या वाटेनं नेलं. तार तिथंही होती, तिनंच पुरलेली. एकदा ती जोरात चालली, म्हणजे रस्त्याला वाटेल पोचवणारं कुणी नाही. अण्णा मागं राहिले, धापा टाकत म्हणाले, "अगं, मला काय शर्यतीत पळवतीस?" बस तरी उभीच. फोनवर बोलावं तर अण्णा फोनला घाबरायचे, "बरं बरं, ठेवतो, तुझं बिल होतंय," असं अजूनही म्हणायचे. एका बुधवारी ती मुद्दाम त्यांच्या घरी गेली. आडवारी लेक दारात बघून अण्णांना वाटलं काहीतरी वाईट घडलं. त्यांनी शेजारच्या शेवंताकाकूंना हाक मारली. काकूंनी चहा केला आणि ज्या बसल्या त्या रेवती निघेपर्यंत उठल्याच नाहीत.

तिच्या हातात उपाय नव्हता असं नाही. नियम तिचाच होता, ऑफिसात जाऊन बदलता आला असता. पण स्वतःच्या बापाशी बोलायला वेळ मिळावा म्हणून सगळ्या शहराची बस थांबवायची, हे तिला बरं दिसेना. इरफानला काय सांगणार? बोलायला घरं आहेत, हे तिनंच त्याला ऐकवलं होतं. म्हटलं, पुढच्या रविवारी बोलू. पाऊस सुरू झाला आणि संपला, पुढचा रविवार काही तिला सापडला नाही.

दिवाळी झाल्यावर अण्णा आले. भाकरी मोडता मोडता, मिरचीबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणाले, "आमचा संभा आला होता. भावाचा पोरगा. म्हणतोय, गावाकडं चला काका, एकटं कशाला राहायचं. म्हटलं, जावं. गारगोटीच्या पुढं हवा बरी हाय."

रेवतीच्या हातातला डाव आमटीतच राहिला. "कधी?"

"परवा येतोय टेम्पो घेऊन."

विश्वजितनं बायकोकडे बघितलं. रेवतीनं मान हलवली. इथं नको. अजूनसुद्धा तिला वाटत होतं, इथं नको, स्टॉपवर.

दोघं निघाले. ह्या वेळी तिनं ठरवलं होतं, चौथ्या पावलालाच बोलायचं. पण सुरुवात कुठून करायची ते जुळवेपर्यंत स्टॉप आला. बस हजर. "काका, वर या." अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पिशवी घेतली आणि चढले. दार मिटायला लागलं तशी रेवती आत शिरली. पायात घरातल्या सपाता, हाताला आमटीचा वास.

"अगं, तू कुठं?"

"चला, पुढं सरका," ती म्हणाली आणि त्यांच्या शेजारी बसली.

जुन्या काळी हा रस्ता पार करायला इतका वेळ लागायचा की माणसं डबा घेऊन निघायची. आता बस लोण्यातून सुरी जावी तशी चालली होती. कुठं धक्का नाही, सिग्नलला थांबणं नाही. रेवतीनं खिडकीबाहेर बघितलं. सायकलवरच्या पोरी मागं पडल्या, तालीम मागं पडली.

"अण्णा, गावाला जाऊ नका. आमच्याकडं या. खोली रिकामी आहे. ह्यांनीच सांगितलंय. उन्हाळ्यापासून म्हणायचंय मला."

अण्णा समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत राहिले. "उन्हाळ्यापासून?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"स्टॉपवर बोलणार होते."

अण्णांचे खांदे हलले. ते हसताहेत का काय ते रेवतीला कळेना. "आणि मी इचारणार होतो. म्हटलं, घरात कसं इचारायचं, जावईबापू समोर. स्टॉपवर इचारू, रेवा, येऊ का गं तुझ्याकडं राहायला? पण गाडी हजर. दर खेपेला गाडी हजर. मग वाटलं, पोरगीच काही म्हणत नाही, तिच्या मनात नसंल. कशाला अवघडून ठेवायचं तिला."

"मग आता या ना."

"आता कसं? शब्द दिलाय संभाला. त्याच्या बायकोनं खोली रंगवून घेतली, लाईट ओढली, संडास घरात आणला माझ्यासाठी. आता लेकीनं बोलावलं म्हणून नको म्हणू? भावाच्या पोराला काय वाटंल?"

"मी बोलते संभाशी."

"नको. माणसं हलकी होत्यात त्यानं." मग तिच्या हातावर हात ठेवून ते म्हणाले, "पण तुझ्या गाड्या लई वेळेवर हो, रेवा. खरंच. आमच्या वेळी असं कुणाला जमलं नाही." टोमणा नव्हता तो. अभिमानानंच बोलले.

बस थांबली. शेवटचा स्टॉप. तिला अजून कितीतरी बोलायचं होतं, पण दार उघडलं होतं आणि खाली माणसं चढायला उभी होती. अण्णा लगबगीनं उठले. लोकांचा खोळंबा होत होता.

सोमवारी रेवती ऑफिसात गेली आणि इरफानला म्हणाली, "तो रेंगाळणाऱ्यांचा नियम काढायचा. बरोबर चालणारी माणसं मंद झाली की गाडी वळणावर, पिंपळाच्या मागं थांबवून ठेव. दिसायला नको."

"किती वेळ, मॅडम?"

"त्यांची पावलं हलेपर्यंत."

"सरासरी वर जाईल."

"जाऊ दे."

इरफान कॉम्प्युटरकडे वळला. पुष्कळ दिवसांपूर्वी त्यानंच हे सुचवलं होतं, पण त्याची आठवण त्यानं करून दिली नाही, एवढा तो सभ्य होता. नियम बदलला. तक्रारी आल्या, वरून फोन आले. दुसऱ्या शहरांनी मात्र तिचा आधीचाच नियम उचलला होता. तिथल्या माणसांना ती फोन करून सांगत राहिली की तेवढा काढा. ते म्हणायचे, कशाला मॅडम, आमच्याकडं तर मिनिटसुद्धा लागत नाही.

अण्णा गावाला बरे होते. संभाची बायको जीव लावायची. रेवती महिन्या-दोन महिन्यांनी गाडीनं जायची, पण तिथं घर भरलेलं, पोरं, शेजारी, म्हशी. निघताना सगळं गाव गाडीभोवती उभं. अण्णा काचेवर हात ठेवून म्हणायचे, "सावकाश जा." तिथंच ते एका थंडीत झोपेत गेले.

अण्णांचे दिवस झाल्यावर एका रविवारी रेवतीला घरात बसवेना. जेवण आटोपून ती फिरत फिरत स्टॉपकडे निघाली. नियम नीट चालतोय का ते बघू, असं तिनं विश्वजितला सांगितलं. स्टॉपवर एक बाई आणि तिची सून उभ्या होत्या. दोघींची तोंडं रस्त्याकडे. सून काहीतरी सांगत होती आणि सासू नुसती हुंकार देत होती, मग सासूनं पदरानं डोळे पुसले आणि दोघी एकदम हसल्या. पिंपळामागं बसचं नाक दिसत होतं. गपगुमान उभी होती. शेवटी सासूनं पिशवी उचलली, पावलं हलली, तेव्हा कुठं बस पुढं आली. सासू चढली, सून परत फिरली.

आता तिथं कुणीच नव्हतं. रेवती आणखी थोडी पुढं झाली आणि अण्णा उभे राहायचे त्या जागेच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तोंड रस्त्याकडे केलं. म्हटलं, जरा वेळ उभं राहू.

पण तारेचं काय चुकलं? बरोबर कुणी नव्हतं, एकट्या माणसाची पावलं स्टॉपवर आली होती. वळणावरून दुसरी बस आली, तिच्यासमोर थांबली आणि दार उघडून गोड आवाजात म्हणाली, "काकू, वर या, बसून घ्या."